गेटजवळचा जनरेटर

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिफ्टमध्ये नोटीस! रविवारच्या सभेत माझ्या गाडीचा निकाल लावणार म्हणे. टाइप केलेला अर्ज, ‘विषय’ या शब्दाखाली दोन रेघा, एक-दोन-तीन मुद्दे. खाद्य-ट्रेलरवरील जनरेटरच्या आवाजाचा रहिवाशांना उपद्रव होतो. तो थांबत नसल्यास गेटशेजारच्या गॅरेजवाल्याला सांगून ट्रेलर त्याच्या जागेतून हलवावा. तक्रारदाराचं नाव नाही.

नाव कशाला हवं? सोसायटीचा सेक्रेटरी जितेशभाई. त्याच्या घरात कांदा शिजत नाही आणि त्याच्या गेटवर मी बोंबील तळतेय. चोराच्या मनात चांदणं!

गुणवंतरावांना फोटो दाखवला. नवरा रिटायर्ड हेडक्लार्क, अख्खा बेव्हर्ली पार्क यांच्याकडून अर्ज लिहून नेतो. चष्मा पुसत म्हणाले, “अर्ज मुद्देसूद आहे.” बायकोचा धंदा उठतोय आणि यांना अर्जाचं कौतुक!

मग हळूच आठवण करून दिली, आमच्या लेकीच्या, क्षितिजाच्या सासरचे याच गेटातून येतात. येऊ देत की. त्यांनाही खायला घालीन. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं आहे. ते मी हलवणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आवाज आहे, हे मात्र खरं. गिऱ्हाइकाला ओरडूनच विचारावं लागतं.

दोन बॅटऱ्या आहेत, सहा-सहा किलोच्या. भाजीच्या चाकांच्या पिशवीत घालून रोज वर आणते, घरच्या मीटरवर चार्ज करते. साडेचारला गाडी लावली की पावणेआठला दोघी मान टाकतात. मग दहापर्यंत काशीमीऱ्याहून आणलेला तो जुना जनरेटर — भटभट भटभट.

तवा तर गॅसवर. मग एवढी वीज खातंय कोण? आज एकेक वस्तू बंद करून इन्व्हर्टरवरचा आकडा बघितला. दिवे, पंखा, मिक्सर — सगळे गरीब बिचारे. फ्रिज! एकटाच अर्धी वीज गिळतोय. तो काढला तर बॅटऱ्या दहापर्यंत आरामात पुरतील. पण मग मासे ठेवू कुठे?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी मासे खाणारे कमी, म्हणून गाडी बंद. तारोडीला शेवंतीकडे गेले. माझे बोंबील तीच पुरवते. सगळं ऐकून हसत सुटली.

“बोटीवर कुठं फ्रिज हाय गो? आठ-आठ दिस दर्यावर ऱ्हातात. खाली बर्फ, वर बर्फ, मधी हवा न्हाय.”

येताना तिच्या घरातली जुनी बर्फाची पेटी घेऊन आले. रिक्षावाल्याने नाक धरलं. धरू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फजिती! फ्रिज उतरवला, पेटी भरली, सातपर्यंत खुशीत होते. मग झाकण उघडलं तर बोंबील पाण्यात पोहतायत. तळले तर पिचपिचीत, चव गेली. सहा प्लेटी परत घ्याव्या लागल्या. संतापाने रडू आलं. रडत रडत शेवंतीला फोन केला.

“खालचं बूच काढलंस का? पानी साचू द्यायचं न्हाय,” म्हणाली.

बूच! मी ते घट्ट दाबून बसवलं होतं, गाडीत ओल नको म्हणून. अति शहाणी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बूच काढलं, खाली बादली. साडेचार ते दहा. जनरेटरची दोरी ओढलीच नाही! बॅटऱ्यांत अजून थोडा जीव शिल्लक होता. तव्यावरचं चुरचुरणं पहिल्यांदा ऐकू आलं. दोन बायका तर आवाज नाही म्हणून थांबून गप्पा मारत खात होत्या.

वर येऊन गुणवंतरावांना सांगितलं. “पूर्ण वेळ बंद होता?” असं तीनदा विचारलं. मग न जेवता झोपले. पित्त झालं असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

सभेत मीच आधी उभी राहिले. म्हटलं, काल कुणाला आवाज आला असेल तर हात वर करा. एकही हात नाही. जितेशभाईकडे रोखून बघत होते. तो शांतपणे म्हणाला, तक्रार आवाजाची होती, आवाज बंद झाला, विषय संपला. हरलेल्या माणसाने एवढं गोड बोलू नये!

गुणवंतराव सभेला आले नाहीत. गुडघा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जितेशभाई गाडीवर आला. तक्रार निकाली निघाली म्हणून मूळ अर्जावर माझी सही हवी. सोसायटीचं रेकॉर्ड. सही मागच्या बाजूला करायची म्हणत कागद उलटा धरला होता; वाऱ्याने उलटला. हाताने लिहिलेला. ‘विषय’खाली दोन रेघा, पट्टी लावून. तळाला ‘आपला विश्वासू’. त्याच्याखाली जी सही होती ती मी बत्तीस वर्षं ओळखते.

“मनोरमाबेन, मैंने नाम इसीलिए नहीं डाला था,” तो खाली बघत म्हणाला.

आठवडाभर मी याला शिव्या घातल्या. माफी मागितली. मग सही केली — पूर्ण नावाने.

रोजच्यासारखी मध्येच स्वयंपाकाला वर गेले नाही. साडेआठला फोन वाजला, “जेवायला काय आहे?”

म्हटलं, आज घरी काही केलेलं नाही. भूक असेल तर गेटवर या. रांगेत उभे राहा.