मगरीचा आवाज

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच). ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? पत्र वाचायला त्रास होत असेल तर शेजारणीकडून वाचून घे, पण ती हसायला लागली तर थांबव.

सूनबाईंना बाळंतपणाआधीच दवाखान्यात ठेवावं लागलंय. चिरंजीव तिकडेच असतात आणि साडेचार वर्षांची ठमी आमच्याकडे. आल्यापासून सहा दिवस तिने तोंड उघडलं ते फक्त जेवायला. काही विचारलं की नुसती मान हलवते. तुझ्या भावजयीने गोष्टी सांगून पाहिल्या, मी घोडा झालो (उठताना दोघांनी धरावं लागलं). शेवटी मी बाहुल्यांचं थिएटर करायचं जाहीर केलं.

वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं माळ्यावर होतं. चौतीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस मी. आधी कागदावर आराखडा, मग खिडकी पंचेचाळीस बाय तीस, काटकोन चोख. राजाचं डोकं पिंगपाँगच्या चेंडूचं, राणी लाकडी चमच्याची, आणि हिरवा मोजा उरला त्याची मगर. डिंकाने माझी दोन बोटं राजाच्या मिशीला चिकटली, ती गरम पाण्यात सोडवली. मिशी गेली, बोटं वाचली. एवढ्या मोजमापात एकच गोष्ट मोजायची राहिली होती, ती म्हणजे मी. खोक्यात शिरलो खरा, पण मग हलता येईना. खेळ सुरू झाला आणि राजाने "प्रजाजनहो" म्हणताच त्याचं डोकं निसटून कपाटाखाली गेलं. ते पकडायला राणी वाकली, तिचा दांडा माझ्या चष्म्यात गेला. प्रेक्षकांत तुझी भावजय डोळे पुसत हसत होती. ठमी हसली नाही. मी घाईघाईने मगर वर काढली आणि पुढे काय बोलायचं ते आठवेना.

तेवढ्यात ठमी खिडकीपाशी आली आणि मगरीला म्हणाली, "तुझी आई कुठंय?"

ताई, सहा दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य. माझ्या तोंडून निघून गेलं, "दवाखान्यात."

ती आणखी जवळ सरकली. मग मगरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "येते हं ती. बाळ घेऊन येते. तू रडू नकोस." आणि हातातलं अर्धं बिस्किट मगरीच्या तोंडात कोंबलं. मी आतल्या आत ते खाल्लं. खोक्यात अंधार असतो हे फार बरं.

आता ती दिवसभर बोलते. अर्थात मगरीशीच.

तुझा,
भाऊ

ता. क. : काल ठमीने मगरीला विचारलं, "मग तुला जेवायला कोण घालतं?" मगर म्हणाली, "माझी ताई." आपली आई दवाखान्यात होती तेव्हाचं हे, तू तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. मी हे तुला कधी बोललो नाही, आणि आताही मगरच बोलली.

ता. क. २ : रोज पाच वाजता खेळ असतो आणि माझा खांदा आता वर जात नाही. मगरीचं काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, कारण मला अभ्यासाला बसवताना तू जो आवाज काढायचीस, तोच मी तिला दिलाय. तेव्हा डोळ्याचे डॉक्टर हो म्हणाले की निघ. खोक्याची मागची बाजू मी तुझ्या मापाने कापून ठेवतो. अंदाजे लिहू नकोस, रुंदी नीट मोजून कळव.