पोपटाखालचा पांढरा दोरा

गोंदिया, मंगळवार, माघ वद्य षष्ठी

उद्या आमगावचे पाहुणे शेजारच्या कमलला पाहायला येणार. तिच्या हातचा म्हणून दाखवायचा हिरवा पोपट मी रुमालावर मशीननं भरला. तिच्या आईनंच गळ घातली. वरून सुरेख, पण उलट्या बाजूला सगळा पांढरा दोरा. हातच्या कामात असं कुठं असतं?

मी खालच्या बॉबिनीत हिरवा घालत होते, तर कमलच म्हणाली, "राहू द्या ना काकू, उलटा करून कोन पाह्यते?"

कोण पाहतं? स्वतःच्या भावासाठी मुलगी पाहायला गेली, तेव्हा हिनंच त्या मुलीनं भरलेला रुमाल उलटून पाहिला होता.

म्हणजे आपलं बिंग फुटावं, असंच हिला वाटतंय? हे स्थळच नकोय का हिला? आईला सांगू का? पोपट अजून माझ्याकडेच आहे, हिरवा दोराही आहे. पण मशीनवर बसवत नाही.