आपल्या खोलीची भिंत

अल खर्ज, २३ जानेवारी १९९१

आलिमास, इसहाकचा सलाम.

तू पाठवलेला घराचा नकाशा मिळाला. चारशे फुटांत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी बसवायची म्हणजे काहीतरी सोडावं लागणारच. तू विचारलंस, पडवी सोडू की आपल्या दोघांची खोली लहान करू?

परवा फोनवर मी इथं सगळं ठीक आहे म्हणालो. ते खरं नव्हतं. इथून जवळच रियाधवर इराकची क्षेपणास्त्रं पडतायत. आमचा मालक, कफील, आमचे पासपोर्ट तिजोरीत ठेवून जेद्दाला निघून गेला. काल आमच्या डेअरीवर विषारी गॅसपासून वाचायचे मास्क आले, माणसं साठ आणि मास्क चाळीस. चिठ्ठ्या टाकल्या. माझी कोरी निघाली. शेजारच्या खाटेवरचा सुबोध म्हणाला, "माझा आपण दोघं वापरू." मी हसलो. तोही हसला, पण गळ्यातला मास्क त्याने हातात घट्ट धरून ठेवला होता.

आज भोंगा वाजला तेव्हा खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेल्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. तिथेच मी खिशातून तुझा नकाशा बाहेर काढला. पडवी राहू दे, अम्मीला बसायला तीच लागते. आपल्या खोलीची भिंत मात्र मी खोडून टाकली. एकच मोठी खोली कर. अम्मी आणि मुली तुझ्याजवळ झोपतील.

आता वाटतं, ही खोडलेली भिंत बघूनच तू ओळखशील की मी परतायची आशा सोडलीय. म्हणून हे पत्र पाठवत नाही. उद्या दुसरं लिहीन, पडवी सोडून दे आणि आपली खोली मोठी कर.

तुझाच,
इसहाक