बशीरचा डावा हात आणि टीव्हीतला ठिपका

सातारा, ३ मे १९७८
दत्ताचं पत्र. मेहुणा जहाजावर असल्याचे हे फायदे. सिंगापूरहून टीव्हीला जोडायचा खेळ आणतोय म्हणे, बटण फिरवलं की पडद्यावर चेंडू मारता येतो. आण बाबा! दिवाळीत सांगलीच्या प्रदर्शनात असंच नाणं टाकून गोळी उडवायचं यंत्र आलं होतं. काय त्याची जाहिरात! दोन डावांत गोळी अडकली. नवा खेळ म्हटलं की माझं डोकंच उठतं. कॅरम कसा, पावडर टाकली की सुरू.

५ मे
चूक झाली. पत्र बशीरला वाचून दाखवलं. चौदा वर्षं कॅरम डबल्सचा जोडीदार माझा. फेब्रुवारीत सुतारकाम करताना करवतीनं उजव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हापासून क्लबात पाऊल नाही. डाव्यानं मारून बघितलं, स्ट्रायकर कुठल्या कुठं. आज विचारतो, "नाना, बटन फिरवाया बोटं किती लागत्यात?"
म्हटलं, आधी येऊ तर दे.

९ मे
ब. रोज विचारतो, कवा येनार. आज दाढी करून आला. मला धास्ती वाटते. असल्या खेळांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि हे त्याला सांगायची छाती नाही.

१४ मे, रवि.
दत्ता खोकं घेऊन आला. आळीत टीव्ही एकट्या सुभेदारांकडं. पाचलाच जोडलं. सुभेदार म्हणाले, "सहाबिगर पुन्याचं केंद्र लागत न्हाई. तवर खेळ येनार कुठनं?" सगळ्यांना पटलं, मलासुद्धा! दत्तानंही कधी लावून बघितलेला नाही. सुभेदार स्वतः वर चढून अँटेना पुण्याकडं वळवून आले. तासभर काळ्या काचेपुढं बसलो. सहाला शेतीचा कार्यक्रम लागला. ऊस. ब. खाली मान घालून.
चिडून मी टीव्हीचं चॅनेल फिरवत गेलो, तर पडद्यावर खेळाचा पांढरा ठिपका! खेळ दत्ताच्या खोक्यातच होता की, पुण्याचा संबंधच नाही. काय म्हणावं आम्हाला.
ब. डाव्यानं खेळला. मला तीनदा हरवलं. सगळे ओरडले. तो नाही.

१५ मे
त्याच्या दुकानात गेलो. का रं गप्प?
"जितलो व्हय. पन बोटाला कायच लागत न्हाई रं, नाना. सोंगटी बसली की हितं कळायचं." उरलेलं थोटूक दाखवलं. मग म्हणाला, "बोर्ड घिऊन जा. मला बघवत न्हाई."
त्यानंच घडवलेला कॅरम बोर्ड, शिसवी काठाचा, दुकानातच असतो. नाही आणला. तिथंच रडू आलं मला.

२१ मे
दत्ता निघाला. जाता जाता म्हणतो, याहून भारी खेळ येतोय, रंगीत, पुढल्या फेरीला आणू का? कळवा. ब. तिथंच बसलेला.
"त्यात बोटाला लागंल का रं, नाना?"
"लागंल की."
साफ खोटं बोललो. आणि तो हसला, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. म्हणाला, बोर्ड राहू दे मग तवर माज्या दुकानातच.
आता दत्ताला काय लिहू?