ऑस्करला का वाचवलं

ऑन्टेरिओ, ३ मे १९४६

चि. ब्रूनो यास, अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. मात्र आपल्या लिपिन्को गावाहून नुकत्याच आलेल्या क्लेमेन्सने जे सांगितलं, ते ऐकून माझ्या हातातली थाळी पडली. गिरणीवाल्या ऑस्करला गावाने धरलं, आणि तू त्याच्या अंगावर आडवा पडून त्याला वाचवलंस म्हणे! आपल्या बाबांना मारणाऱ्याला? लहानपणी कोंबडी कापायची वेळ आली की पळायचास, अजून तसाच आहेस की काय? खरं काय ते लिही, नाहीतर पत्रच धाडू नकोस.

आईला नमस्कार.

ओटीलिया

लिपिन्को, १९ जून १९४६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. क्लेमेन्स बोलला ते खरं, पण अर्धंच.

जर्मन आले त्या शरदात ऑस्कर त्यांचा पट्टा दंडाला बांधून तळ्याकाठचा क्रूस तोडायला आला. बाबांनी क्रूसाला मिठी घातली. त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्यांच्या एका हाताची बोटं ठेचली. बाबांनी तोच दांडा हिसकावून त्याचे दात पाडले. मग त्याने आणि जर्मनांनी त्यांना आणि शाळामास्तरांना गाडीत कोंबून जंगलात नेलं. गोळ्यांचे आवाज अंगणात ऐकू आले. कुठे पुरलं म्हणून आई ऑस्करला विचारायला गेली, तर म्हणाला की तुझ्या म्हाताऱ्याचं खत झालं, बटाटे लाव.

गेल्या वर्षी जर्मन पळाले तेव्हा तो धान्याच्या कोठारात सापडला. लोकांनी फावड्यांनी झोडपला, एक डोळा फुटला. फावडं माझ्याही हातात होतं, ताई. पण पुरल्याची जागा त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणून त्याच्यावर पडलो. माझ्या बरगड्या मोडल्या त्या आपल्याच लोकांनी, जर्मनांचा कुत्रा म्हणत.

त्याने रांगत जाऊन जागा दाखवली. बाबा आणि मास्तर एकाच खड्ड्यात होते, हात तारेने बांधलेले. आईने विणलेल्या मोज्यांवरून बाबांना ओळखलं. ऑस्कर तिथेच मेला. कुणी मारला ते पाहिलं नाही. मी तार सोडवत होतो.

बाबांना आता चर्चमागे पुरलंय. राग निवळला असेल तर माया ठेव.

तुझा ब्रूनो

ऑन्टेरिओ, २८ जुलै १९४६

चि. ब्रूनो, अ. उ. आ.

तुझं पत्र मुलांना मोठ्याने वाचत होते. तारेपाशी आले आणि पत्र थोरलीच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं. बरगड्या अजून दुखत असतील तर नांगराला हात लावू नकोस.

मी तिथे असते ना, तर पहिला घाव मीच घातला असता, आणि बाबा अजून रानातच पडून असते.

मायेत आहेसच.

तुझी ताई