डिझेलच्या गाडीत आई

रविवार, २४ एप्रिल १९६०. भोईवाडा.

बारा वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवून दादा आता स्वतःची जुनी गाडी घेतोय. आज आईला बरोबर घेऊन दोन पाहिल्या. पेट्रोलवाली गुपचूप चालते, पण पेट्रोल फार खाते. डिझेलवाली स्वस्तात पळते, पण हादरे असे की माझे दात वाजले.

दादा म्हणाला, "हिच्यात कोण गिऱ्हाईक बसेल? पेट्रोलच घेऊ."

मागच्या सीटवर पाहिलं तर आई गाढ झोपलेली. तीस वर्षं गिरणीच्या खडखडाटात काढली तिने. गिरणी सुटल्यापासून शांततेत तिला झोपच येत नाही. आणि आज चक्क घोरत होती.

दादा हिंदमाता टॉकीजपर्यंत गाडी नुसती फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "डिझेलच घेतो."

चुकलं का आमचं? पण काय झोपली होती आई, तोंड उघडं टाकून.