पत्रिकेवरचा गणपती

मंदारदादा,

उस्मानपुऱ्यात टँकर आता आठवड्यातून एकदाच येतो. पाण्याच्या ड्रमला जागा हवी म्हणून आज कपाटातली रद्दी उपसली. त्यात तुझ्या सावनीच्या लग्नाची पत्रिका निघाली. निमंत्रकांत आपली सगळी भावंडं आहेत, मी तेवढी नाही. "वन्सं, जागाच पुरली नाही हो," असं वहिनी म्हणाली होती. नवरा सोडून आलेली आत्या छापायची लाज वाटली, एवढं सरळ सांगायचं होतंस.

पत्रिकेवर गणपती, त्यामुळे रद्दीत टाकवेना. विसर्जन करावं तर हर्सूलचा तलाव कोरडाठाक. शेवटी कात्री घेतली. गणपती कापून देव्हाऱ्यात ठेवला. उरलेले तुम्ही सगळे रद्दीत.

या पत्रावर 'श्री' मुद्दामच घातलं नाही. हेही तुमच्यासोबतच जाईल.

जागा न पुरलेली,
भानुमती